पलीकडचा नवा बंब

त्याला सगळे भोंगा म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला पगाराच्या दिवशी सही करताना तेवढं आठवायचं. त्याचं झालं असं, की नदीच्या अलीकडच्या अग्निशमन केंद्रातल्या बंबाचा भोंगा एकदा बिघडला. नगरपालिकेकडे मागणी गेली, उत्तर आलं, निधी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मागणी, पुन्हा निधी नाही. मग बंब चालवणाऱ्या या गड्यानं काय करावं? एका हातात स्टिअरिंग धरायचं, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढायचं आणि "बाजूला व्हा" असा काही आवाज लावायचा, की चौकातली वाहनं आगीला नाही पण याला घाबरून वाट द्यायची. नवा भोंगा यथावकाश बसला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

माणूस कामाला वाघ. आग लागली की हा पुढे, आणि विझली की सगळ्यात शेवटी निघणाराही हाच. खाणंपिणं साधं, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण देवानं माणूस घडवताना कुठेतरी एक खोट ठेवायची ती ठेवलीच. भोंग्याच्या पोटात हेवा होता. तोही बंगलेवाल्यांचा नाही, मोटारवाल्यांचा नाही. साऱ्या जगात त्याला एकाच माणसाचा हेवा वाटायचा, आणि तो माणूस म्हणजे त्याचा साडू.

साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. भाऊ म्हणावा तर रक्त नाही, मित्र म्हणावा तर आपण निवडलेला नाही. दोन बहिणींच्या दोन नवऱ्यांना सासरची माणसं एका तराजूत बसवतात, आणि त्या तराजूची दांडी असते सासूबाईंच्या हातात. भोंग्याच्या सासूबाईंच्या हाताला लग्नाच्या दिवसापासून धाकट्या जावयाच्या बाजूला कल होता. धाकटा हसतमुख. धाकटा उंच. धाकटा आला की सासूबाईंच्या गुडघ्यांचं दुखणं पळायचं, आणि थोरला आला की त्यांना एकदम आठवायचं की आज गुडघे फार ठणकताहेत.

बरं, हा धाकटा आधी बस चालवायचा. त्याला या खात्यात आणला कुणी? भोंग्यानंच. बायको म्हणाली, धाकटीच्या नवऱ्याची नोकरी डळमळीत आहे, तुमच्याकडे जमतंय का बघा. भोंग्यानं साहेबांकडे शब्द टाकला, नळी कशी गुंडाळायची इथपासून शिकवलं, पंप दाखवला, शिडी दाखवली. आणि काही वर्षांत नदीपलीकडे नवी वस्ती वाढली, तिथे दुसरं केंद्र निघालं, आणि त्याचा प्रमुख झाला कोण, तर साडू. भोंगा अलीकडच्या केंद्राचा प्रमुख होताच, म्हणजे पद सारखंच. पण आपण शिकवलेला माणूस आपल्या बरोबरीला येऊन बसला की ती बरोबरी नसते, ते डोक्यावर बसणंच असतं. निदान भोंग्याला तरी तसं वाटायचं.

तरी चाललं होतं, कारण दोघांचे बंब सारखेच भंगार होते. दोन्ही एकाच साली आलेले, दोन्ही धूर ओकणारे. घरी दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, त्यातही आमची गाडी बंद पडली, तुमचीही पडली का, असंच चालायचं. दारिद्र्य सारखं असलं की हेव्याला फारसा वाव मिळत नाही.

मग सरकारचं अनुदान आलं.

छोट्या शहरांच्या अग्निशमन केंद्रांना मदत करायची असं वर कुठेतरी ठरलं, आणि या शहराच्या वाट्याला एक नवा कोरा बंब आला. केंद्रं दोन, बंब एक. कुणाला द्यायचा ते अनुदान खात्याचे साहेब दोन्ही गाड्या स्वतः पाहून ठरवणार होते.

भोंग्याला ती बातमी कळली त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. आता हे नीट समजून घ्या. त्याला बंब आगीसाठी हवा होताच, पण त्याहून जास्त तो घरासाठी हवा होता. सासूबाईंचं सोडा, त्या काय, पिकलं पान. पण गेली काही वर्षं त्याला वाटायला लागलं होतं की आपली बायकोही मनातल्या मनात नदीपलीकडे बघते. ती तसं कधी बोलली नव्हती. धाकटीच्या घरून आली की नुसती जरा गप्प असायची, एवढंच. पण हेवा करणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. एकदा तो नवा बंब आपल्या दारात उभा राहू दे, मग बघू ती कुणाकडे बघते, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

तयारी त्यानं अशी केली, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. या खात्यात एक रीत आहे. तपासणी म्हणजे चकाकी. साहेब येणार म्हटलं की बुटापासून पितळी तोटीपर्यंत सगळं असं लखलखलं पाहिजे की त्यात साहेबांना स्वतःचं तोंड दिसावं. भोंग्याला खात्यातल्या पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं आणि पुढे त्यानंही सगळ्यांना हेच शिकवलं. ज्याला जुनं सांभाळता येतं त्यालाच नवं मिळतं, हा त्याचा हिशेब. त्यानं बंबाला लाल रंग दिला. टाकीला गंजून भोक पडलं होतं ते लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून बुजवलं आणि वरून रंग फिरवला. पंपातून पाणी गळायचं, तिथे दोरी आणि ग्रीस ठासून भरलं. बॅटरी मेलेली होती, तर शेजारच्या ट्रकवाल्याकडून एका दिवसापुरती नवी मागून आणली. हाताखालचा फायरमन, ज्याला सगळे बुटका म्हणत, तो म्हणाला, "आपण गाडी दुरुस्त करतोय की तिला नवरी करतोय?"

"तू पितळ घास," भोंगा म्हणाला.

साहेब आले. पहाटेपासून तापवून ठेवलेलं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पाण्याची धार केंद्राच्या कौलांवरून पलीकडच्या झाडावर गेली. साहेबांनी बॉनेटवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, बोट स्वच्छ. ते खरोखर भारावले. "इतकी निगा मी कुठल्याच केंद्रात पाहिली नाही," असं म्हणून त्यांनी भोंग्याची पाठ थोपटली. भोंग्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यानं बायकोसाठी फुलं नेली, जे त्यानं लग्नानंतर फारसं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब पलीकडे गेले. तिथे साडूनं गाडी ना धुतली होती, ना पुसली होती. त्यानं साहेबांना शेजारी बसवलं आणि म्हणाला, चला, एक फेरी मारून येऊ. पुलाच्या चढावर बंब खोकला, थरथरला आणि मेला. साडू खाली उतरून ढकलायला लागला. गाडी हलेना. मग अनुदान खात्याच्या साहेबांनी कोट काढून सीटवर ठेवला आणि तेही ढकलायला लागले.

नवा बंब पलीकडे गेला. अलीकडे आलं एक प्रशस्तिपत्र, गाडी उत्तम स्थितीत असून अजून बरीच वर्षं सेवा देईल, अशा मजकुराचं. नगराध्यक्षांनी ते चौकटीत घालून स्वतःच्या हातानं केंद्राच्या भिंतीवर लावलं, वर छोटंसं भाषणही ठोकलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत भोंगा होता. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण करतो काय.

"नाटक केलंस," तो साडूला म्हणाला. सासूबाईंच्या घरी सगळे जमले होते आणि हे दोघे जिन्यात उभे होते.

"नाटक कसलं, दादा?" साडू म्हणाला. तो भोंग्याला दादा म्हणायचा, आणि त्या आदरानंच भोंग्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "मला ती गाडी घेऊन निघायची भीती वाटायची. साहेबांना तेच सांगितलं. म्हटलं, एक दिवस मी पोचणार नाही आणि कुणीतरी मरेल. तुम्ही का नाही सांगितलंत?"

साडूनं खोटेपणानं बंब लाटला असता तर भोंग्याला तो पचला असता. त्यानं खरं बोलून मिळवला, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

त्याच दिवशी साडूनं घरच्यांना नव्या बंबातून फिरवलं. सासूबाई गुडघेबिडघे विसरून चढल्या. दोघी बहिणी पुढे बसल्या. भोंगा खाली रस्त्यावर, हाताची घडी घालून. बायको केबिनमध्ये एकेका बटणावर बोट ठेवून हे काय, ते काय विचारत होती आणि साडू सांगत होता. शिडी आपोआप वर जाते, खालीही येते, हे ऐकून ती खळखळून हसली. असं हसलेली भोंग्यानं तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

घरी येताना ती म्हणाली, "सीट किती मऊ आहे नाही?"

"सीटवर बसून आग विझत नाही," भोंगा म्हणाला.

पुढे पुढे तर त्याला चटकच लागली. सुट्टीच्या दिवशी तो काहीतरी निमित्त काढून पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या केंद्रासमोरच्या चहाच्या दुकानात बसून दारातून दिसणारा तो लाल पुढा बघायचा. एकदा आत कुणी नाही असं पाहून तो शिरलाच. फरशी कोरडी, भिंतीवर नळ्या ओळीनं टांगलेल्या, आणि मध्ये ती बया उभी. त्यानं पंपाच्या झाकणावर हात ठेवला. कुठे थेंब नाही, कुठे तेलाचा ओघळ नाही. वास येत होता तो नव्या रबराचा. परक्याची बायको बघावी तसा तो चोरून बघत होता, आणि मागून साडू आला.

"चालवून बघता का, दादा?"

"छे. इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावू."

"अहो, बसा तरी."

"मला कामं आहेत," भोंगा म्हणाला आणि चालू लागला. साडूनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, दया होती. तीच जास्त लागली.

इकडे जुना बंब दिवसेंदिवस रडत होता. ट्रकवाल्याची बॅटरी परत गेली होती. दोरी कुजून पंप पुन्हा गळायला लागला होता, लांबीही सुटत आली होती. भोंग्यानं मागणी केली, बॅटरी द्या, पंपाचं सामान द्या. नगरपालिकेतला कारकून हसला. "तुमची गाडी उत्तम आहे असं साहेबांनीच लिहिलंय की. भिंतीवर लावलंय ना?" भोंग्यानं मूग गिळले. गाडी खराब आहे म्हणावं, तर तपासणीला साहेबांच्या डोळ्यांत धूळ फेकली असं होतं. शिवाय ते साडूच्या कानावर गेलं असतं, आणि तो पुन्हा त्याच आवाजात काहीतरी चांगलं बोलला असता.

खरी हालत तो एकाच माणसाला सांगायचा. जेवणं झाली, भांडी आवरली, की बायकोजवळ बसून ग्रीसनं काळी झालेली नखं खरवडत म्हणायचा, आज बॅटरीनं पुन्हा दगा दिला, आज ढकलूनच सुरू केली, आज टाकी अर्धी वाटेतच सांडली. ती ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "मग त्यांच्याकडून मदत मागा ना. आपलेच आहेत."

तेव्हा भोंगा भडकला. "माझ्या भागात त्याची गाडी शिरली तर मी या खात्यात राहणार नाही. लक्षात ठेव. माझ्या भागातली आग मी विझवीन."

तिनं लक्षात ठेवलं असावं.

भोंग्याचं घर केंद्रापासून चार गल्ल्यांवर. वर दुसऱ्या मजल्यावर हे, आणि खाली तळमजल्यावर सोफे बनवायचा कारखाना. फोम, गोंद, कापड, लाकूड. तिथे आग लागायची राहिली होती, ती एका दुपारी लागली. कारागीर धावत केंद्रात आला तेव्हा भोंगा नळ्या वाळत घालत होता.

"दादा, तुमच्याच इमारतीत. जिना धुरानं भरलाय. वहिनी वर आहेत."

भोंग्यानं उडी मारून चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. बुटका आणि दुसरा एक गडी मागून रेटायला लागले. बंब फाटकापर्यंत सरकला आणि थांबला.

"पलीकडे फोन करू का?" बुटक्यानं विचारलं.

आता इथे थांबून विचार करा. बायको वर अडकली आहे, खाली फोम पेटला आहे, आणि माणूस काय म्हणाला? "थांब," म्हणाला. "एकदा अजून." तो वाईट माणूस नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर धूर नव्हता, साडूचा हसरा चेहरा होता. पुन्हा टक. पुन्हा रेटणं. उतारावर कशीबशी गाडी सुरू झाली, भोंग्यानं खिडकीतून तोंड काढून बोंब ठोकली, आणि शाळेच्या कोपऱ्यावर ती गचके खात मेली ती मेलीच. मागे रस्त्यावर टाकीतल्या पाण्याची लांबच लांब ओली रेघ होती.

मग मात्र तो उतरला आणि पळत सुटला. बुटका नळीची गुंडाळी खांद्यावर घेऊन मागे. नळी घेऊन पळतोय कशाला, तिला पाणी कुठलं, हे त्यालाही कळत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा थबकला. नवा बंब तिथे होता. नदीपलीकडून, पूल ओलांडून, बाजार ओलांडून तो येऊन उभा होता, शिडी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला लागली होती, आणि शिडीवरून त्याची बायको उतरत होती. एक पाय अनवाणी, केस सुटलेले. खाली साडू. त्यानं हात वर केले, तिला दंडाला धरलं आणि अलगद जमिनीवर उतरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भोंग्याच्या पोटात आधी जे उठलं तो हेवा होता. बायको वाचली हे त्याच्या मागून आलं. फार मागून नाही, एखाद्या श्वासाचं अंतर असेल. पण आधी काय आलं ते त्याला कळलं, आणि त्याची त्यालाच किळस आली.

साडूनं त्याला पाहिलं. "दादा, या. तुमचा भाग आहे, तुम्हीच धरा," म्हणून त्यानं तोटी त्याच्या हातात दिली. भोंग्यानं ती घेतली. पाणी असं जोरानं सुटलं की तो एक पाऊल मागे रेटला गेला. एवढा दाब त्याच्या हातांनी जन्मात धरला नव्हता. त्यानं कारखान्याच्या दारातून धार मारली, छतावर मारली, भिंतींवर मारली. आग हटायला लागली. त्याला रडू येत होतं, पण धुरानं सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळं शांत झालं तेव्हा बायको समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. कुणीतरी तिच्या खांद्यावर चादर टाकली होती. चेहरा काजळीनं माखलेला. भोंगा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्याला विचारायचं होतं, बरी आहेस ना, लागलं नाही ना. तोंडातून भलतंच आलं.

"हा एवढ्या लवकर कसा आला?"

"मी फोन केला," ती म्हणाली. "धूर दिसल्या दिसल्या."

"त्याला?"

"हो."

"मी चार गल्ल्यांवर होतो," भोंगा म्हणाला. "मला नाही केलास?"

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. रोज त्याचं ऐकून घेताना असायचं तसंच ते होतं, दमलेलं आणि मायेचं.

"तुम्ही आला असतात हो," ती म्हणाली. "गाडी आली नसती."

मग तिनं चादर सावरली, पायरीवरून उठली, आणि साडूला प्यायला पाणी हवंय का ते विचारायला गेली.